रेघोट्यांचा नेम

आढावा बैठक सुरू झाली की पहिल्या दहा मिनिटांत डायरीत तारीख, विषय आणि दोन-तीन आकडे उतरतात. मग मुद्दा दुसऱ्या खात्याकडे सरकतो. पेन मात्र थांबत नाही. तारखेभोवती चौकट येते. चौकटीला सावली मिळते, सावलीमुळे तिची पेटी होते, पेटीच्या कोपऱ्यातून एक वेल निघतो आणि समासातून खाली उतरायला लागतो. ‘अनुपालन’ या शब्दातल्या प्रत्येक गाठीत शाई भरली जाते. १ जुलै १९९८ ला धुळ्यातून वेगळ्या झालेल्या नंदुरबार जिल्ह्याला सहा तालुके आहेत, आणि धडगावचा माणूस मुख्यालयातल्या बैठकीला यायचा म्हणजे चांदसैली घाट उतरून येणार. आता बरंचसं काम व्हीसीवर भागतं. कॅमेऱ्यात चेहरा दिसतो, टेबलावरची वही दिसत नाही. वेलांना सुगीचे दिवस आलेत ते असे.

अशी वही शेजारच्याच्या नजरेस पडली, तर मालक ओशाळतो आणि घाईने पान उलटतो. साहेब बोलत असताना गिरगोट्या काढणं म्हणजे लक्ष नसणं, हे शाळेपासून डोक्यात बसलेलं असतं. त्या ओशाळलेल्यांना धीर देणारा एक प्रयोग आहे. इंग्लंडमधल्या प्लिमथ विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञ जॅकी अँड्रेड यांनी तो केला आणि २००९ मध्ये प्रसिद्ध केला. ४० जणांना अडीच मिनिटांचा एक फोन संदेश ऐकवला. तोही मुद्दाम रटाळ, एकसुरी आवाजात. कुणाच्या तरी पार्टीला कोण येणार, कोण नाही, मध्येच मांजराची चौकशी, स्वयंपाकघराच्या दुरुस्तीच्या गप्पा. येणाऱ्यांची नावं लिहून घ्यायची होती. निम्म्या लोकांच्या हाती पेन्सिल आणि रेघोट्यांचा कागद दिला होता. नंतर अचानक आठवणीची परीक्षा घेतली, तेव्हा हात चालवणाऱ्यांना इतरांपेक्षा २९ टक्के जास्त तपशील आठवला. बैठकीतला कंटाळा माणसाला दिवास्वप्नात ओढून नेतो. हाताला हलकं काम असलं तर माणूस इतका लांब जात नाही, असं अँड्रेड यांना वाटलं.

हा प्रयोग बातम्यांतून भरपूर फिरला. त्यातला एक तपशील मात्र वाटेतच गळून पडला. त्या लोकांना मनाला येईल ते काढायला सांगितलंच नव्हतं. कागदावर लहान लहान चौकोन आणि वर्तुळं आधीच छापलेली होती आणि ती पेन्सिलीने भरायची होती, एवढंच काम. म्हणजे ज्याला मोकळ्या, मुक्त रेघोट्यांचा विजय म्हटलं गेलं, तो खरं तर छापील चौकटी भरण्याचा विजय होता.

हे एकदाच घडलं असतं तर सोडून देता आलं असतं. अमेरिकेतल्या नॅन्सी करी आणि टिम कॅसर या दोघांचा २००५ चा अभ्यास पाहावा. त्यांनी ८४ विद्यार्थ्यांना आधी थोडं अस्वस्थ केलं आणि मग रंग भरायला बसवलं. एका गटाला मंडलाची आकृती दिली, दुसऱ्याला आडव्या-उभ्या चौकड्यांची नक्षी, तिसऱ्याला कोरा कागद: हवं ते करा. मंडल आणि चौकड्या भरणाऱ्यांची अस्वस्थता उतरली. कोऱ्या कागदवाल्यांची तशी उतरली नाही. फिलाडेल्फियातल्या ड्रेक्सेल विद्यापीठातल्या गिरिजा कैमल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये २६ जणांच्या कपाळाला पट्टा बांधून मेंदूच्या पुढच्या भागातला रक्तप्रवाह मोजला. रंग भरताना, गिरगोट्या काढताना आणि मुक्त चित्र काढताना, तिन्ही वेळा तो विश्रांतीपेक्षा वाढला. गिरगोट्यांच्या वेळी सगळ्यात जास्त दिसला, पण तिन्हींतला फरक छातीठोक सांगावा इतका नव्हता. या गिरगोट्याही कोऱ्या कागदावर नव्हत्याच. कागदावर आधी एक वर्तुळ आखलेलं होतं. जे काही काढायचं ते त्याच्या आत किंवा भोवती.

आता हेच शाळेतल्या चित्रकलेच्या तासाला लावून पाहिलं की बऱ्याच गोष्टी उलगडतात. ‘आज मुक्तचित्र, मनाला येईल ते काढा,’ असं बाईंनी सांगितलं की वर्गात काय होतं? दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, एक झोपडी, झोपडीजवळून वाहणारी नदी आणि एक नारळाचं झाड. नंदुरबारच्या मुलाला उत्तरेकडे खराखुरा सातपुडा दिसत असतो आणि नारळ दिसतो तो बहुतेक देवळात, तरी कागदावर झाड उगवतं ते नारळाचंच. मोकळीक इतकी मोठी असते की मूल पहिला सापडेल तो साचा घट्ट धरून बसतं. याच मुलाला इंटरमिजिएट परीक्षेसाठी संकल्पचित्राचा सराव द्या. ठरावीक मापाचा आयत, त्यात भौमितिक किंवा पानाफुलांचे आकार, मोजके रंग. सुरुवातीला ते कुरकुरतं आणि मग तासभर मान वर करत नाही. पालकांचं लक्ष ‘अ’ श्रेणीवर आणि त्यामुळे दहावीला मिळणाऱ्या ७ वाढीव गुणांवर असतं. मुलाला तो तासभर मिळतो, त्याचा हिशेब कुठल्याच गुणपत्रिकेत येत नाही.

ज्यांनी या गोष्टीचा धंदा केला, त्यांना ही मेख बरोबर कळली होती. मॅसॅच्युसेट्समधल्या मारिया थॉमस सुलेखनकार. एका मोठ्या अक्षरामागची जागा त्या बारीक नक्षीने भरत बसल्या होत्या आणि त्यात वेळेचं भान हरपल्याचं त्यांनी रिक रॉबर्ट्स यांना सांगितलं. रॉबर्ट्स एके काळी संन्याशासारखं राहिलेले. हे तर ध्यान झालं, असं त्यांना वाटलं आणि दोघांनी मिळून ‘झेनटँगल’ नावाची पद्धत बांधली. साडेतीन इंचांचा चौरस कागद, चार कोपऱ्यांत पेन्सिलीचे चार ठिपके, ते जोडणारी फिकट चौकट, आत एक वळणावळणाची रेघ आणि त्या रेघेने पाडलेल्या प्रत्येक कप्प्यात वेगळी नक्षी, शाईने. खोडरबर नाही. हा खोडरबर काढून घेणं हा त्या पद्धतीतला सगळ्यात शहाणा भाग. चूक पुसता येत नसली की तिला पुढच्या नक्षीत सामावून घेण्यावाचून गत्यंतर उरत नाही. नाव नोंदवून ट्रेडमार्क घेणं वगैरे भाग अमेरिकेच्या रीतीप्रमाणे झालाच.

एक पान जवळून पाहू. साधं जेल पेन, शक्यतो बारीक टोकाचं. डावीकडून उजवीकडे एक रेघ ओढायची, पट्टी न लावता. हात कितीही सराईत असला तरी कुठेतरी, बहुधा मनगट टेकवण्याची जागा बदलते तिथे, तिला किंचितसा पोक येतो. आता दुसरी रेघ तिच्या खालून, गव्हाच्या दाण्याएवढं अंतर राखून. नियम एकच: वरच्या रेघेला शिवायचं नाही आणि तिच्यापासून लांबही जायचं नाही. दुसरी रेघ पोकापाशी आली की तो टाळायला थोडी जास्त वाकते. तिसरी आणखी वाकते. आठव्या-दहाव्या रेघेपर्यंत त्या किंचितशा पोकाचा चांगला फुगीर उंचवटा झालेला असतो, शेजारी एक दरी पडलेली असते आणि पानावर अक्राणी तालुक्याच्या भूमापन नकाशातल्या समोच्च रेषा उमटल्यासारख्या दिसतात. काढणाऱ्याने डोंगर काढायचं ठरवलेलं नव्हतं. त्याने फक्त मागच्या रेघेवर नजर ठेवली होती. ही नजर ठेवण्यातच सगळं गुंतून जातं. पुढे काय होणार ही चिंता करायला जागा राहत नाही, कारण पुढचं ठरवणारी रेघ अजून ओढायची असते. श्वासही हळूहळू रेघेच्या लांबीशी जुळतो. लांब रेघ ओढताना बहुतेक जण नकळत श्वास धरून ठेवतात आणि टोकाला पोचल्यावर सोडतात.

नंदुरबार जिल्ह्यात हा खेळ वहीपेक्षा फार जुना आहे. शहादा तालुक्यात तापी आणि गोमाई यांच्या संगमावर प्रकाशा आहे. दक्षिण काशी म्हणून लोक तिथे दर्शनाला, क्रियाकर्माला जातात. १९५४-५५ मध्ये पुरातत्त्व खात्याच्या बी. के. थापर यांनी तिथल्या पांढरीच्या टेकाडात उत्खनन केलं आणि तळाच्या थरांत ताम्रपाषाण काळातली वस्ती सापडली. तापीखोऱ्याला या काळाची चांगलीच श्रीमंती आहे. सावळदा नावाच्या इथल्याच गावावरून सावळदा संस्कृती ओळखली जाते आणि तिच्या भांड्यांवर भौमितिक नक्षीबरोबर बाणांची टोकं, हत्यारं, प्राणी असे आकार रंगवलेले आढळतात. त्यानंतरच्या माळवा आणि जोर्वे धाटणीच्या खापरांवर तांबड्या अंगावर काळ्या रंगात आडव्या रेघा, जाळी, तिरप्या रेघांनी भरलेले शंकरपाळे, पाण्याच्या लाटांसारख्या ओळी. आडवी रेघ काढायला फार कसब लागत नाही. चाक फिरत असताना कुंचला स्थिर धरला की रेघ चाकच ओढतं. खरं काम त्या दोन रेघांमधल्या जागेत. शंकरपाळा आखायचा आणि आत एकाशेजारी एक तिरप्या रेघा भरत जायच्या, भांडं संपेपर्यंत. तिरप्या रेघांनी धान्य जास्त टिकत नाही की पाणी गार राहत नाही. साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या माणसाला किंवा बाईला मनःशांती हवी होती, असं म्हणायला पुरावा नाही. पण एक गोष्ट खापरच सांगतं: पट्टा आखला होता आणि तो भरला होता.

तोच प्रकार सारवणात. कुडाच्या भिंतीवर माती-शेणाचा हात फिरतो तेव्हा बोटांच्या पाच समांतर रेघा उमटतात आणि त्यांची कमान होते. कमानीची त्रिज्या ठरते ती कोपरापासून बोटांपर्यंतच्या लांबीने. एक कमान संपली की शेजारून दुसरी, पहिलीवर थोडी चढलेली. घरात दोन बायकांनी मिळून भिंत सारवली असेल, तर कुठे एकीचा हात थांबला आणि दुसरीचा सुरू झाला, ते वाळल्यावरही ओळखू येतं. याला कुणी कला म्हणत नाही, करणारीही म्हणत नाही. सिमेंटच्या घरकुलांत ही गोष्ट मुकाट्याने संपत चालली आहे, आणि जिथे संपली तिथे त्याच हाताला नक्षीची दुसरी जागा सापडली का, हे विचारायला हवं.

अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीच्या राजवाडी होळीकडे येताना मात्र जरा जपून बोलायला हवं. ही परंपरा १२४६ पासूनची सांगितली जाते. रात्रभर ढोल आणि नाच चालतो, पहाटे उंच बांबूची होळी पेटते. तिथे नाचणारे बुध्या दरवर्षी छायाचित्रकारांच्या गराड्यात सापडतात: डोक्यावर मोरपिसांचा उंच टोप, कमरेला भोपळे आणि घुंगरं, आणि उघड्या अंगावर पांढऱ्या ठिपक्यांची, रेषांची नक्षी. पाठीवर ठिपके देणारा दुसराच कुणी असतो. स्वतःची पाठ स्वतःला रंगवता येत नाही. ठिपका बोटाने टेकवायचा, तेवढंच अंतर सोडून पुढचा, खांद्याच्या हाडाला वळसा घालून खाली. वहीत गिरगोट्या काढणाऱ्याला ही हालचाल लगेच ओळखीची वाटेल, आणि इथेच फसायला होतं. बुध्या होणाऱ्याने नवस केलेला असतो. होळीच्या दिवसांत खाट वर्ज्य, अंघोळ वर्ज्य, खाण्यापिण्याचे आणि राहण्याचे कडक नेम. त्या ठिपक्यांना ‘स्ट्रेसबस्टर’ म्हणणं म्हणजे वारकऱ्याच्या चालण्याला कार्डिओ म्हणण्यातला प्रकार. बुध्याचे ठिपके गावासमोर मिरवायचे असतात आणि ते देवाचं देणं लागतात. वहीतले ठिपके कुणाचं काही देणं लागत नाहीत. साम्य आहे ते एवढंच की दोन्हीकडे पुढचा ठिपका कुठे पडायचा, हे आधीच्या ठिपक्याने ठरवलेलं असतं.

कधी हा नेम चुकीतूनच मिळतो. रवींद्रनाथ ठाकुरांना कवितेच्या हस्तलिखितात खोडलेले शब्द तसेच विद्रूप पडलेले बघवत नसत. १९२४ मध्ये दक्षिण अमेरिकेच्या प्रवासात ते आजारी पडले आणि अर्जेंटिनात व्हिक्टोरिया ओकाम्पो यांच्याकडे पाहुणे म्हणून राहिले. ‘पूरबी’तल्या कविता तेव्हा लिहून होत होत्या. वहीत खोडलेल्या शब्दांच्या काळ्या डागांना ते रेघांनी जोडत आणि त्यातून पक्ष्यांच्या चोची, अजस्र जनावरं, मुखवटे निघत. ओकाम्पो यांना त्या पानांनी भुरळ घातली. पुढे १९३० मध्ये पॅरिसच्या पिगाल गॅलरीत रवींद्रनाथांच्या चित्रांचं पहिलं प्रदर्शन भरलं, ते जमवण्यात ओकाम्पो यांचाच मोठा हात होता. साठी उलटल्यावर चित्राकडे वळलेल्या या माणसाने नंतर दोन हजारांहून अधिक चित्रं केली. नवीन कोरा कागद समोर ठेवून ‘आता चित्र काढू’ असं म्हणून ही सुरुवात झाली नव्हती. डाग कुठे पडणार ते कवितेने ठरवलं होतं आणि हाताने फक्त वाट काढली.

महाराष्ट्राकडे याच जातीचं उदाहरण आहे जिव्या सोमा म्हसे यांचं. जन्म १९३४, आताच्या पालघर जिल्ह्यातला. सात वर्षांचे असताना आई गेली आणि पुढची काही वर्षं ते बोलेनासे झाले, धुळीत चित्रं काढून सांगायचं ते सांगत, अशी हकीकत त्यांच्याबद्दल सांगितली जाते. वारली चित्रं तोवर सवाशिणी लग्नाच्या निमित्ताने भिंतीवर काढत. तांदळाचं पीठ पाण्यात कालवून, बांबूची काडी ठेचून तिच्या टोकाने. म्हसे निमित्ताशिवाय, रोज काढू लागले आणि सत्तरच्या दशकात भास्कर कुलकर्णींच्या प्रयत्नांनी ती चित्रं कागदावर, कापडावर आली. त्यांचं मासेमारीच्या जाळ्याचं चित्र पाहावं. जवळजवळ सगळा कागद एका जाळ्याने व्यापलेला, विणीला वीण लागलेली. कोळी आणि मासे त्या पसाऱ्यात शोधावे लागतात. विषय म्हणून जाळं एका मिनिटात सांगून होतं, काढायला मात्र दिवस लागत असणार. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले.

नंदुरबारच्या उत्तर हद्दीवर नर्मदा वाहते. पलीकडे अलिराजपूर, त्याच्यावर झाबुआ. झाबुआतल्या पिटोलच्या भूरीबाई भोपाळला भारत भवनाच्या बांधकामावर मजुरीला गेल्या आणि तिथे जे. स्वामीनाथन यांनी त्यांच्या हातात कागद आणि रंग दिले. भारत भवन १९८२ मध्ये सुरू झालं, भूरीबाईंना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. हरीण असो, झाड असो की विमान, भिली चित्रात आधी आकार येतो आणि मग तो काठोकाठ ठिपक्यांनी भरला जातो. हे ठिपके मक्याच्या दाण्यांवरून आले, असं सांगतात. शेजारच्या राज्यातली ही गोष्ट, पण नदीच्या अलीकडेही भिलीच बोलली जाते आणि मका इथेही पिकतो. तेव्हा अक्कलकुव्याच्या किंवा धडगावच्या आश्रमशाळेतल्या पोराला नक्षी शिकवताना अमेरिकेतला साडेतीन इंची कागद शोधायची गरज पडू नये.

दुकानांत मात्र सुरुवात करणाऱ्याच्या गळ्यात जाड कागदाची कोरी स्केचबुक मारली जाते, सोबत वेगवेगळ्या जाडीच्या पेनांचा संच. तीनशे-चारशे रुपये गेलेले असतात, त्यामुळे पहिलं पान बिघडू नये म्हणून माणूस ते सोडून दुसऱ्या पानापासून सुरू करतो, आणि बऱ्याचदा तिथेच थांबतो. त्यापेक्षा पहिली-दुसरीच्या गणिताला लागते ती चौकटीची वही घ्यावी. कोऱ्या पानाची धास्ती तिच्यात नाही, कारण पान कोरं नसतंच. चौकटीच्या प्रत्येक कोपऱ्यावर एक ठिपका दिला की घरातल्या आजीला, आईला आपोआप पुढचं सुचतं: सात ठिपके सात ओळी, किंवा पंधरा ते आठ, मधले ठिपके. संक्रांत-दिवाळीला अंगणात उठणारी रांगोळीच ती, फक्त ओणवं न बसता. ज्यांना ठिपके जोडायचे नसतील त्यांनी एक चौकट सोडून एक भरावी, दुसऱ्या ओळीत एक घर सरकावं आणि तिसऱ्या ओळीत हात काय करतो ते बघावं. पेन कुठलंही चालतं, फक्त मागच्या पानावर शाई उतरणार नाही एवढं पाहायचं.

एकच अडचण येते, ती वही विकत घेताना. चाळिशी ओलांडलेला गृहस्थ काउंटरवर येऊन चौकटीची वही मागतो, तेव्हा दुकानदार मागच्या फळीकडे वळता वळता विचारतो, “कितवीला आहे?”